भजनाला तिकीट नाही

आमच्या गावचे भजनी मंडळ गेली काही वर्षे पुण्यातल्या गृहसंकुलांमध्ये भजन करून निधी गोळा करते. गाव पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पलीकडे आहे. मी पुण्यात राहत असल्यामुळे इकडच्या बाजूची व्यवस्था, म्हणजे संकुलाच्या कार्यकारिणीची परवानगी, जागा, सतरंज्या आणि वेळ, एवढे माझ्याकडे असते. मला गाता येत नाही, आणि या कामात ती सोयच ठरली आहे. कशी, ते पुढे येईल. या उपक्रमाविषयी ज्यांच्याशी बोलणे होते त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो, की तिकीट किती ठेवले आहे. तिकीट नाही. ते का नाही आणि नसल्यामुळे काय काय सांभाळावे लागते, हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी निधी कशासाठी आहे ते सांगतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा डायलिसिस घ्यावे लागते आणि दर वेळी साधारण चार तास यंत्राला जोडून पडून राहावे लागते. पात्र रुग्णांचा हा उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतो, त्यामुळे आमच्या भागातल्या कित्येक कुटुंबांपुढे आता यंत्राच्या खर्चाचा प्रश्न पूर्वीसारखा उरलेला नाही. प्रश्न उरला आहे तो यंत्रापर्यंत पोहोचण्याचा आणि त्याहून अधिक परत येण्याचा. चार तासांनी रुग्ण उठतो तेव्हा शरीरातले जादा पाणी काढलेले असते, पुष्कळदा रक्तदाब उतरलेला असतो आणि पायांत गोळे येत असतात. अशा अवस्थेत एसटीच्या थांब्यावर ताटकळायचे, गाडी आली की गर्दीत घुसायचे आणि जागा मिळाली नाही तर उभ्याने दिवे घाट चढायचा. ज्या हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्यांचा जोड, केलेली असते त्या हातावर जोर द्यायचा नसतो, वजन उचलायचे नसते. म्हणजे वळणावळणाच्या घाटात दांडी धरायला एकच हात उरतो. सोबत येणाऱ्या मुलाचा किंवा बायकोचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो, तो वेगळाच. म्हणून आसपासच्या गावांतल्या रुग्णांसाठी मिळून एक जीप ठरवली आहे आणि तिचे भाडे या निधीतून दिले जाते. ही रक्कम रुग्णाच्या हाती जात नाही, ज्या सेवाभावी संस्थेच्या खात्यात निधी जमा होतो तिच्याकडून थेट जीपवाल्याला मिळते, त्यामुळे गाडीत बसताना कोणालाही आपण मदत घेत आहोत असे वाटून संकोच होत नाही.

भजन करून हा पैसा उभा करावा ही सूचना मंडळातल्या तरुण मुलांची होती आणि तिला पहिला विरोध आमच्या थोरल्या चुलत्यांनी केला. त्यांना सारे गाव तात्या म्हणते. वीणा त्यांच्याकडे असते, आणि विणेकऱ्याचा शब्द मंडळात सहसा मोडला जात नाही. जेथे कीर्तन करावे तेथे अन्न सेवू नये, कपाळी बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, इतकेच काय, आपल्या बैलासाठी दाणावैरणसुद्धा मागू नये, असे तुकोबांनी एका अभंगात सांगून ठेवले आहे. शेवटच्या चरणात तर द्रव्य घेणारे आणि देणारे अशा दोघांनाही त्यांनी नरकाची वाट दाखवली आहे. वारकरी मंडळींत हा अभंग ठाऊक नाही असा माणूस सापडणार नाही. तो पाळणारा माणूस शोधायला मात्र बरेच फिरावे लागेल. गावोगावच्या सप्ताहांच्या जमाखर्चात कीर्तनकारांच्या मानधनाचा आकडा किती वर असतो, हे ज्यांनी वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार हिंडून पाहिले आहे त्यांना सांगायला नको. तात्यांचे म्हणणे एवढेच होते, की रुग्णांना पैसा द्यायचा तर खुशाल द्या, खिशातून द्या, शेतात पिकले त्यातून द्या. पण अभंग गायचा आणि झोळी पुढे करायची हे आपल्याला जमणार नाही. “आपण नाव घ्यायला चाललोय, वसुलीला नाही,” हे त्यांचे वाक्य पुढे मंडळात म्हणीसारखे रूढ झाले.

यावर तोड काढली ती माझ्या आत्याने. ती महिला मंडळात गाते, आणि खरे सांगायचे तर सुराला पुरुषांच्या मंडळापेक्षा बायकांचेच मंडळ पक्के आहे. तिने गाडगेबाबांचे उदाहरण दिले. बाबांनी आयुष्यभर कीर्तने केली, लोकांनी लाखो रुपये त्यांच्या पायाशी आणून ठेवले, आणि त्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देणारी दादरची धर्मशाळाही त्यांच्याच नावाने चालते. स्वतः बाबा मात्र फुटक्या गाडग्यात मागून आणलेली भाकरी खात, कोणाला पाया पडू देत नसत आणि जमलेल्या पैशातला छदामही घरच्यांना लागू देत नसत. १९५६ साली ते गेले तेव्हा त्यांच्या मागे संस्था होत्या, मालमत्ता नव्हती. आत्याचे म्हणणे असे, की अभंगात निषेध आहे तो गाणाऱ्याने घेण्याचा. गाणाऱ्याच्या हाताला पैसा लागलाच नाही तर तुकोबांचा शब्दही राहतो आणि जीपही चालते. तात्या दोन-तीन दिवस काही बोलले नाहीत. मग त्यांनी अटी घातल्या, आणि आज आमचे जे काही चालते ते त्या अटींवर चालते.

तिकीट नाही, ही पहिली अट. त्याबरोबर दानपेटी भजनाच्या जागी ठेवायची नाही, बाहेरच्या दाराशी ठेवायची, आणि तिच्याजवळ बसणारा माणूस गाणारा किंवा वाजवणारा नसावा, असेही ठरले. तिथे माझे न गाणे उपयोगी पडले. पेटी उघडायची ती संकुलाचा एक माणूस, संस्थेचा एक माणूस आणि मी अशा तिघांसमोर. रक्कम तिथेच लिहायची, सह्या घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी ती बँकेत भरायची. मंडळींनी संकुलात जेवायचे नाही. ही अट पुणेकरांना सर्वांत जड जाते. पुण्यात पाहुण्याला चहाही विचारत नाहीत अशी चेष्टा करणाऱ्यांनी एकदा यावे आणि बटाटेवडे, साबुदाण्याची खिचडी, मसालेभात यांची पातेली घेऊन आर्जवे करणाऱ्या काकूंना समजावून पाहावे. मंडळी आपापल्या भाकऱ्या बांधून आणतात आणि परतताना हडपसरच्या पुढे कुठेतरी टेम्पो थांबवून खातात. टेम्पोचे भाडेही मंडळ स्वतःच्या वर्गणीतून भरते. शाल-श्रीफळाचा सत्कार नाही. ही अट मला व्यक्तिशः फार आवडते, कारण आपल्याकडच्या कार्यक्रमांत निम्मा वेळ सत्कारांत आणि उरलेला सूत्रसंचालनात जातो.

मराठी माणसाने सत्कार्यासाठी तिकीट लावून गाणे केलेच नाही असे नाही. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला, त्याच्या तिकिटांच्या चढ्या दरांची चर्चा अजून होते. पण नाटक हा मुळात तिकिटाचाच व्यवहार होता. त्या दिवशी पैसा दुसरीकडे वळला इतकेच. भजनाला येणाऱ्याने आधी दाम मोजलेले नसतात. तो उठून गेला तरी चालते, मागे उभा राहिला तरी चालते, आणि काही न देता पोटभर ऐकून गेला तरी त्याला कोणी काही म्हणत नाही. आमच्या कार्यक्रमांना संकुलात धुणीभांडी करणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक आणि माळी आवर्जून थांबतात. टाळ हातात दिला तर ते पुढे येऊन उभे राहतात, आणि त्यांतल्या कित्येकांना आमच्यापेक्षा जास्त अभंग पाठ असतात. तिकीट असते तर ही माणसे फाटकाशीच राहिली असती.

आता कायद्याचे. सार्वजनिक कामासाठी वर्गणी किंवा देणगी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क कडे दुर्लक्ष करून चालत नाही. गणेश मंडळे उत्सवाआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून जी परवानगी काढतात ती याच कलमाखालची. आमच्या देवळाचा न्यास नोंदणीकृत आहे, परंतु त्याच्या उद्देशांत वैद्यकीय मदत बसत नाही. त्यामुळे पैसा देवळाच्या खात्यात न भरता तालुक्यातल्या एका नोंदणीकृत सेवाभावी संस्थेच्या खात्यात भरायचा असे ठरले आणि पावत्याही तिच्याच नावाने दिल्या जाऊ लागल्या. क्यूआर कोड लावण्याची कल्पना आली तेव्हा मंडळातल्या एका उत्साही मुलाने स्वतःच्या मोबाइलचा कोड छापून आणायची तयारी केली होती. मुलगा सरळ आहे, हेतू चांगला होता. पण वैयक्तिक खात्यात आलेला पैसा आणि सार्वजनिक निधी यांची सरमिसळ एकदा झाली की सरळ माणसालाही हिशेब देता देता घाम फुटतो. कोड संस्थेच्या खात्याचाच लागतो. पुण्यातले श्रोते चौकस असल्यामुळे प्राप्तिकरात वजावटीसाठी लागणारी ‘८० जी’ची पावती मिळेल का, असे हमखास विचारतात. रोख दोन हजार रुपयांपेक्षा जास्त दिले तर त्या देणगीवर वजावट मिळत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना या कलमाचा फायदाच नाही, हे पेटीजवळ बसून मी इतक्यांदा सांगितले आहे की आता ते मलाही अभंगासारखे पाठ झाले आहे.

एवढ्या हिशेबाच्या गोष्टी लिहिल्या, पण लोक येतात ते भजनासाठी येतात, आणि भजन नीट व्हावे म्हणून जी खटपट असते ती हिशेबापेक्षा कितीतरी रंजक आहे. आपल्या सामुदायिक गायनात चार वेगवेगळ्या सुरावटी एकावर एक रचण्याची पद्धत नाही. एकाने चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी ध्रुवपद धरायचे, एवढीच रचना. पण वीस-पंचवीस माणसांनी एकाच सुरात धरायचे तर तो सूर कोणता, यावर मोठी वाटाघाट होते. पुरुष आणि बायका एकत्र गाऊ लागल्यापासून हा पेच कायमचा आहे. बायकांना बाजाच्या पेटीवरची काळी चार सोयीची, आणि त्या पट्टीत पुरुषांनी वरचा षड्ज गाठायचा म्हणजे मानेच्या शिरा फुगतात. वारकरी भजनात चढा आवाज हे भूषण मानले जात असल्यामुळे आमचे काही बुवा त्यातही मागे हटत नाहीत, पण तासाभरात घसे बसतात. शेवटी पांढरी चारवर तडजोड झाली. बायका जरा खाली येतात, पुरुष जरा वर चढतात, आणि पेटीवाला दोघांच्याही शिव्या खातो.

पखवाजाचे काम वेगळे. कार्यक्रमाआधी अर्धा तास आमचा पखवाजी कोपऱ्यात बसून कणीक मळत असतो, आणि संकुलातली लहान मुले त्याच्याभोवती गोळा होतात, कारण वाद्याला कणीक लावतात हे त्यांनी कधी पाहिलेले नसते. डाव्या बाजूच्या चामड्याच्या पुडीच्या मधोमध तो ओल्या कणकेची चकती थापतो, थाप मारून पाहतो, चिमूटभर काढतो, बोट पाण्यात बुडवून कडा सारखी करतो आणि पुन्हा थाप मारतो. कणीक जास्त झाली तर आवाज बसका येतो आणि कमी पडली तर पोकळ. उजव्या बाजूला हातोडीने लाकडी गठ्ठे ठोकून सूर मिळवायचा आणि डाव्या बाजूचा घुमारा कणकेने जमवायचा. भजन संपले की ती खरवडून काढायची, कारण वाळलेली कणीक पुडी खराब करते. मुलांनी एकदा त्याला विचारले, की ही कणीक नंतर खातात का. त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितले की पुढच्या खेपेस पोळ्या करून आणतो.

गावातल्या देवळात जे भजन उत्तम वाटते ते पुण्यातल्या वाहनतळाच्या काँक्रीटच्या छताखाली तसेच वाटेल याची खात्री नसते. पंधरा जोड टाळ एकदम वाजले की त्यांचा झणत्कार भिंतींवरून परत येतो, पुढच्या मात्रेवर चढतो, आणि अभंगाचे शब्द कोणाला कळेनासे होतात. म्हणून अशा जागी चारच टाळकरी टाळ वाजवतात आणि बाकीचे हाताने टाळी देतात. ध्वनिक्षेपकाची तर अशा जागी गरजच पडत नाही; मोकळ्या आवारात लावावा लागला तरी रात्री दहानंतर तो बंद हा नियम आहे, आणि आम्ही नऊलाच पसायदान घेतो, कारण मंडळींना घाट ओलांडून परत जायचे असते आणि पहाटे धारा काढायच्या असतात. अंजिराच्या आणि वाटाण्याच्या तोडणीत मंडळ पुण्याला येतच नाही. पालखी सासवडला मुक्कामी असते त्या दिवसांतही कार्यक्रम घेत नाही. उलट अधिक महिन्यात मागणी इतकी वाढते की नाही म्हणण्याचे काम मला करावे लागते. २०२३ साली श्रावण अधिक होता, तेव्हा पावसामुळे सगळे कार्यक्रम छताखाली घ्यावे लागले आणि टाळांचा हा धडा मंडळाला चांगलाच मिळाला.

अटींपैकी सर्वांत जास्त कुरकुर झाली ती नावे न पुकारण्याच्या अटीवर. आपल्याकडे सप्ताहात दोन अभंगांच्या मधे ‘अमुक अमुक यांजकडून इतके रुपये’ असे सांगण्याची पद्धत आहे, आणि तिच्यामुळे देणगी वाढते हे कोणीही कबूल करील. शेजाऱ्याचे नाव ऐकले की आपलेही ऐकू यावे असे माणसाला वाटते. तात्यांनी ते साफ नाकारले. रुग्णाचे नाव, छायाचित्र, गाव यांतलेही काही फलकावर येणार नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगितले. एका संकुलाने हौसेने मोठा फ्लेक्स करायची तयारी दाखवली होती; त्यावर यंत्राला जोडलेल्या रुग्णाचे छायाचित्र असावे म्हणजे लोकांना कळवळा येईल, असे त्यांचे म्हणणे पडले. आम्ही फलकावर फक्त मंडळाचे नाव, वेळ आणि ‘डायलिसिस रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी’ एवढा मजकूर ठेवला. पेटीत कमी पडले असेल. माझ्या मते ते पडू द्यावे. तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि आज ज्याचा फोटो लागला त्याच्या मुलीचे स्थळ उद्या कोणत्या शब्दांत मोडेल हे पुण्यातल्या फ्लेक्सवाल्याला कळण्याचे कारण नाही.

या नियमांची खरी कसोटी गेल्या वर्षी लागली. मंडळातल्याच एका टाळकऱ्याची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यालाही आठवड्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. जीपमध्ये जागा होती, रुग्ण तो होताच, आणि त्याच्या फेऱ्यांचे पैसे निधीतून द्यायला संस्थेची काहीच हरकत नव्हती. हरकत त्याची स्वतःची होती. ज्या भजनात मी टाळ वाजवतो त्याच भजनाच्या पेटीतून माझे भाडे गेले तर ते गाण्याचे पैसे घेतल्यासारखेच झाले, म्हणून यापुढे मी पुण्याच्या भजनांना येणार नाही, असे त्याने तात्यांच्या ओसरीवर येऊन सांगितले. फिस्टुला केलेल्या डाव्या हाताची पट्टी तेव्हा अजून सुटलेली नव्हती. तात्यांनी त्याला घरी बसू दिले नाही आणि नियमही मोडला नाही. त्याच्या वाटणीचे भाडे मंडळाच्या वर्गणीतून द्यायचे असे ठरवून ते मोकळे झाले. डॉक्टरांना विचारून तो आता बसून, हलका टाळ वाजवतो.

मला स्वतःला हा निर्णय पटलेला नाही. आजारी माणूस हा आधी रुग्ण आहे आणि मग टाळकरी. पेटीत पैसे टाकणाऱ्यांपैकी एकानेही त्याला नाही म्हटले नसते. शिवाय मंडळाची वर्गणी ती किती, आणि तिच्यातून टेम्पो, पेटीचे सूर जुळवणे, पखवाजाची पुडी, वीणेची तार आणि आता हे भाडे असे किती भागवायचे? तात्यांशी यावर दोन वेळा बोललो. त्यांनी ऐकून घेतले, आणि दुसऱ्या खेपेस वर्गणी माणशी वीस रुपयांनी वाढवून टाकली. माझ्याकडूनही ती मागितली, गात नसलो तरी. पखवाजाची डावी पुडी पावसाळ्यापासून सैल झाली आहे आणि ती बदलण्यापुरते पैसे अजून जमलेले नाहीत. तोवर पखवाजी दोन मोठी संकुले सोडून लहान जागीच वाजवायला तयार आहे. त्यामुळे कोथरूडचा आणि सिंहगड रस्त्याचा असे दोन्ही कार्यक्रम पुढे ढकलल्याचे मी तिथल्या कार्यकारिणींना काल कळवले.